माझ्याशी हळू बोलू नकोस

१२ जानेवारी

भिंगरी,

तुझा मेसेज मिळाला. दोन वर्षांनंतरचा पहिला. 'आई, बाबांनी सांगितलं. आता मला सगळं समजलं. माझ्या मनात काही राहिलेलं नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस.' आणि शेवटी लाल बदामांची माळ.

मी स्वतःला दोष देत नव्हते. तुला हे कोणी सांगितलं?

उत्तर मोबाइलवरच लिहिणार होते, पण तिकडून तूही लिहायला लागलीस की इकडे ते दिसतं आणि माझं वाक्य अर्ध्यात अडकतं. फोनवर मला कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे आजवर कळलेलं नाही, ते तुला ठाऊक आहेच. म्हणून कागद. कागद मध्ये बोलत नाही.

बाबांनी तुला गोड करून सांगितलं असणार, तेव्हा आता माझ्याकडून ऐक. आमच्या दात बनवायच्या लॅबमध्ये मालकांनी नवे दिवे बसवले. माझ्या टेबलावरचा लुकलुकायचा. बाकी कोणाला दिसत नव्हतं, मला सारखं दिसत होतं. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." मी वाट बघितली. पुन्हा सांगितलं, पुन्हा "बघू". आता सगळे मला समजावतात की 'बघू' म्हणजे 'नाही'. मग 'नाही' म्हणायला काय झालं होतं? दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे आहेत, कष्ट तेवढेच.

एका दुपारी मी उठले आणि लॅबचा मेन स्विच बंद केला. तेव्हा भट्टीत कोणाचे तरी समोरचे दात भाजत होते. ते वाया गेले. मालक अंधारात ओरडत होते आणि मी टेबलाखाली एप्रन डोक्यावर घेऊन बसले होते. मला तिथे बरं वाटत होतं. बाबांनी तुला टेबलाखालचं सांगितलं नसणार.

मग डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, "लहानपणी कशाशी खेळायचात?" मी म्हटलं, बटणांशी. "बाहुल्या नव्हत्या?" होत्या ना, बटणं त्यांच्याच कपड्यांची होती. त्या लिहीत राहिल्या. मला वाटलं, बाई फारच हळू लिहितात. चार वेळा बोलावलं आणि मग सांगितलं. हल्ली याला नुसतं ऑटिझम म्हणतात, पूर्वी माझ्यासारख्यांना अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम म्हणायचे. मला जुनं नाव आवडलं. ते ऐकून कोणाला काही कळत नाही, त्यामुळे पुढचे प्रश्न येत नाहीत.

गाडीत बसल्यावर बाबांना वाटलं मी रडतेय. मी चिडले होते. बावन्न वर्षं मी स्वतःला खडूस, माणूसघाणी, आळशी समजत आले. कोणाकडे जाऊन आले की दुसरा दिवस अंथरुणात जायचा, ते मी नाटक करते असं माझ्या आईला वाटायचं आणि पुढे पुढे मलाही वाटायला लागलं. आणि हे सगळं एका बाईला चार बैठकांत कळलं! मग आधीच्यांनी काय केलं?

आता तुझा मुद्दा. तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला तू मला विचारलंस, "आई, कसं वाटलं?" सगळ्यांसमोर तूच विचारलंस. मी म्हटलं, गल्ली उताराची आहे. खाली जाणारा बस पकडायला धावतो, वर येणारा धापा टाकत येतो, काचेत ठेवलेल्या मेणबत्त्यांकडे बघायला कोण थांबणार? वर्षभरात बंद होईल. तुझ्या आत्याने माझा दंड दाबला, म्हणून माझं "आणि वासही उग्र आहे" हे सांगायचं राहिलं.

दुकान बंद झालं. तुझं बोलणंही बंद झालं. आणि आता तुला 'समजलं' की आई तसं म्हणाली कारण तिच्या मेंदूत काही वेगळं आहे. नाही गं. मी तसं म्हणाले कारण गल्ली उताराची होती.

तेव्हा तुझी माफी परत करते आहे. तुला राग असेल तर तो माझ्यावर ठेव. डॉक्टरांच्या कागदाकडे बघून सोडून देऊ नकोस.

आई


२५ जानेवारी

भिंगरी,

'तुला कसं वाटतंय हे मी समजू शकते.' हे वाक्य तू कुठून उचललंस? लहानपणी तुझं बोट दारात सापडलं तेव्हा मी सांगितलं होतं की बर्फ लाव, आणि तू म्हणाली होतीस, "आधी माझ्याबरोबर रड." अशी बोलायचीस तू. हे 'समजू शकते' म्हणजे मोबाइल कंपनीत तक्रार केली की तिकडून येतं तसलं वाटतं.

माझ्या पत्राला उत्तर नव्हतंच ते. दुकानाबद्दल एक अक्षर नाही. एक तर मी चूक होते म्हण, नाहीतर बरोबर होते म्हण.

आई


९ फेब्रुवारी

भिंगरी,

तू विचारलंस, घरी सगळे सांभाळून घेतात ना. सांभाळून घेतात! त्याचाच वैताग आलाय.

बाबांना कुठूनसं एक माहितीपत्रक मिळालं. त्यात लिहिलंय की अशा व्यक्तींना वाक्प्रचार कळत नाहीत. झालं. तेव्हापासून तुझे बाबा पाठ्यपुस्तकासारखे बोलतात. परवा नळ गळत होता, प्लंबर आलाच नाही, तर म्हणाले, "माझ्या डोक्याला ताप... म्हणजे, मला ताप नाही आलेला. मी त्रासलो आहे." मी म्हटलं, "अहो, मी बावन्न वर्षं मराठी बोलतेय! डोकं फिरणं, डोकं खाणं, डोक्यावरून पाणी जाणं, सगळं येतं मला." तर ते हळू आवाजात म्हणाले, "बरं बरं, शांत हो." मी शांतच होते, फक्त मोठ्याने होते.

मला कळत नाही ते वेगळंच आहे. शेजारीण जिन्यात म्हणते, "काय म्हणताय?" मी काहीच म्हणत नसते. इतकी वर्षं मी थांबून विचार करायचे की काहीतरी म्हणायला हवं होतं का. आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मजेत" म्हणा आणि चालू लागा. चालतं! कोणी खात्री करायला येत नाही.

मिक्सर लावण्याआधी मात्र बाबा दवंडी पिटतात, "मी मिक्सर लावतोय हं." ते बरं आहे. तेवढं चालू ठेवा म्हटलं. मला काहीच नको असं नाही. शर्टाच्या मानेची लेबलं मी आता उघड उघड कापते. जेवायला लोक आले की तासाभराने आतल्या खोलीत जाऊन पडते, पूर्वी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. हे सगळं मिळालं याचा आनंद आहे. पण त्याच्या बदल्यात माणसं गेली.

लॅबमधलं ऐक. मला वेगळी खोली दिली, पिवळा दिवा दिला. पॉलिशवाला तुला आठवत असेल, तोच तो, कानाला पेन्सिल लावणारा. आमची रोज जुंपायची. मी मेणात दात बसवायचे, तो लांबूनच ओरडायचा, "बाई, हा माणूस हसणार आहे की चावणार आहे?" मी ओरडायचे की तुम्ही तुमचं पॉलिशचं चाक सांभाळा. मग दोघं मिळून बघायचो आणि बहुतेक वेळा दात थोडा आत घ्यावा लागायचा.

आता तो माझ्या दारात येतो, ट्रे ठेवतो, जातो. गेल्या आठवड्यात एक कवळी परत आली. पेशंटला तोंडच मिटता येत नव्हतं. मी त्याच्याकडे गेले.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तो चाक पुसत राहिला. "मालकांनी सांगितलंय, बाईंना बोलायचं नाही. म्हटलं, कशाला उगाच."

एक म्हातारा माणूस आठ दिवस तोंड उघडं ठेवून हिंडला, भिंगरी, का तर मला वाईट वाटू नये म्हणून. मी पॉलिशवाल्याला म्हटलं, तुम्ही मला बोला, नाहीतर मी पुन्हा मेन स्विच बंद करेन. तो हसला. पण बोलला नाही अजून.

आई


२ मार्च

भिंगरी,

पत्र आलं. तू लग्न करतेयस हे कळलं. छान. मुलगा जमीन मोजतो म्हणजे उन्हात हिंडून काम करणारा आहे, तेही छान.

आता पुढचं. 'आई, हॉलमध्ये खूप गर्दी असेल, संगीत असेल. तुला त्रास व्हावा असं मला वाटत नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी आपण चौघंच शांतपणे जेवू या का? तुला तेच जास्त आवडेल.'

मी हे वाक्य स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "किती विचार करते बघ तुझा." मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले.

तुला मी लग्नात नको असेन तर तसं लिही. 'आई, तू काहीतरी बोलशील आणि माझी लाज जाईल' असं लिही. मला ते वाचता येईल. कदाचित ते खरंही असेल. पण मला बाहेर ठेवायचं आणि वर 'तुझ्यासाठीच' म्हणायचं, हे मी ऐकून घेणार नाही. माझ्या आईला मी चारचौघांत नकोशी असायचे तेव्हा ती सरळ म्हणायची, "तू आत जा." त्यात निदान खोटं काही नव्हतं.

मला काय आवडेल ते मला विचार. मला ते चौघांचं जेवण आवडणार नाही.

आई


३ मार्च

कालचं पत्र टाकायच्या आधी बाबा म्हणाले, एक रात्र जाऊ दे, सकाळी पुन्हा वाच. सकाळी वाचलं. बरोबर आहे. पाठवते.


१८ मार्च

भिंगरी,

तू गेल्यावर बाबा म्हणाले, झालं ते झालं, आता विसरा. मी विसरत नाही. मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे तू 'मी असं म्हणालेच नव्हते' म्हणायला नको.

तू न कळवता आलीस. चपला दारात वाकड्यातिकड्या टाकल्यास. आधी तो पत्रकातला आवाज काढलास, "आई, आपण शांतपणे बोलू या." मी म्हटलं, "शांतपणे बोलायला आली असशील तर परत जा." तुझा चेहरा लाल झाला. मला चेहरे फारसे वाचता येत नाहीत, पण तुझा येतो, तो मी जन्मापासून पाहिलाय.

"तुला हवंय तरी काय?" तू ओरडलीस.

"दुकानाबद्दल बोल."

"दुकानाचं काय? गल्ली उताराची होती! तू बरोबर होतीस! झालं समाधान?"

झालं, खरं सांगते. पण मग मी विचारलं की असं होतं तर दोन वर्षं बोलली का नाहीस, आणि तू खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, "उद्घाटनाचं नव्हतंच ते, आई. दुकान बंद केलं त्या दिवसाचं होतं."

मला खरंच कळलं नाही. त्या दिवशी तर मी आले होते. सुट्टी काढून आले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझी खोकी बांधली.

"हो ना. दिवसभर खोकी बांधलीस. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. एक शब्द नाही. मी कोपऱ्यात बसून रडत होते आणि तू मला विचारलंस, चिकटपट्टी संपली का."

"तुझी एक काच फुटली का?"

"काय?"

"काचेच्या भांड्यांतल्या मेणबत्त्या होत्या. प्रत्येक मी वेगळ्या कागदात गुंडाळली. मला वाटलं, जे बुडालं ते बुडालं, उरलंय त्यातलं काही फुटायला नको. एक तरी फुटली का?"

मग म्हणालीस, "नाही."

"मग मी दिवसभर काय करत होते?"

"मला काच नको होती गं! मला जवळ घ्यायला हवं होतंस!"

"मग सांगायचंस."

"हे सांगून मिळालं तर त्याला काय अर्थ?"

"मला सगळं सांगूनच मिळतं," मी म्हटलं. "तुम्हाला हवेतून कळतं, मला कळत नाही. डॉक्टरांचा कागद मिळाल्यापासून नाही, कधीच कळलं नाही. तू सांगितलं असतंस तर मी चिकटपट्टी ठेवून आले असते."

एवढ्यात बाबा चहा घेऊन आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आवाज जरा कमी केलात तर... तिला त्रास होतो ना," आणि आपण दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो. ते चहा तसाच घेऊन परत गेले. पुढे तू हसायला लागलीस. मी हसले नाही, कारण मला चहा हवा होता.

जाताना तू दारात म्हणालीस, "ठीक आहे. सांगते. लग्नाला ये. शेवटपर्यंत थांब."

मी म्हटलं, शेवटपर्यंत नाही जमणार, जेवणापर्यंत थांबेन.

"फोटो जेवणानंतर आहेत."

"मग फोटोपर्यंत."

"आणि काही बोलायचं असेल तर आधी मला कानात विचार."

"प्रत्येक गोष्ट?"

"प्रत्येक."

हे जमेल की नाही मला माहीत नाही, पण मी हो म्हटलंय. आणि निघताना मी तुला जवळ घेतलं तेव्हा तू घड्याळाकडे बघत होतीस, ते मला दिसलं. तुझी बस होती. तरी तू आधी सुटली नाहीस, मीच सोडलं.

आई


३० एप्रिल

भिंगरी,

तुम्ही फिरायला गेला आहात, परत याल तेव्हा हे घरी पडलेलं असेल.

लग्नात तू मला शोधत आलीस त्याआधीचं तुला माहीत नाही. नोंदणी कचेरीत सगळं ठीक होतं. तिथे शांत होतं, सह्या होत्या, कोणी कुठे उभं राहायचं ते कारकून सांगत होता. अशी व्यवस्था सगळीकडे असावी. हॉलमध्ये मात्र स्पीकर माझ्या खुर्चीच्या मागेच. मी खुर्ची हलवली. तिथे सूपच्या टेबलावरची झाकणं आपटत होती. पुन्हा हलवली. तुझी आत्या म्हणाली, "अगं, तू खुर्ची घेऊन चाललीस कुठे?" मी म्हटलं, मजेत.

माणसं येऊन भेटत होती. एकेकाशी मी पाठ केलेलं बोलले. हो, आनंद झाला. हो, मुलगा छान आहे. हो, तुम्हीही या. शब्द संपत आले तसं मला सगळ्यांचे नुसते दात दिसायला लागले. ते झालं की मला कळतं, आता थोडाच वेळ उरला. म्हणून मी स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. तिथे भांडी धुणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मला एकदा बघितलं, पायरी पुसून दिली आणि आपल्या कामाला लागल्या.

मी पळून आले नव्हते. बाबांना विचार, पर्स टेबलावर ठेवली होती. पण खरं सांगायचं तर तिथून गेट जवळ होतं, आणि गेट उघडं होतं, आणि मी त्याकडे बघत होते. मनात आलं, आत्ता गेले तर सगळे म्हणतील, बिचारी, तिला झेपत नाही, आणि कोणी रागावणार नाही. कोणीच रागावणार नाही, हे मनात आलं आणि मला उठताच येईना. ना गेटकडे, ना हॉलकडे.

मग तू आलीस. साडीचा घोळ दोन्ही हातांत धरून, केसांतली पिन लोंबतेय. मला वाटलं आता तू वाकून विचारणार, "आई, बरं वाटतंय का?"

तू म्हणालीस, "इथे काय बसलीयस? तिकडे सगळे ताटकळलेत फोटोसाठी! तुझ्यामुळे आइस्क्रीम वितळतंय!"

मी म्हटलं, "मला थोडा वेळ दे."

"किती?"

"पाच मिनिटं."

"दोन. आणि मी इथेच उभी राहते, माझा तुझ्यावर विश्वास नाही."

भांडी धुणाऱ्या बाई हसल्या. तू भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि पायाने टकटक करत राहिलीस. ती टकटक मला अजिबात सोसत नव्हती. मी म्हटलं, ते पाय थांबव. तू थांबवलेस. आणि मग मी उठले.

फोटोत माझे डोळे मिटलेले असतील. फोटोवाल्याचा दिवा फार जोरात होता. आणि मी काही बोलायच्या आधी प्रत्येक वेळी तुझ्या कानात विचारलं. एक वेळ सोडून.

आई


११ मे

भिंगरी,

तुझ्या फोनला हे लेखी उत्तर. फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस.

पहिलं म्हणजे, तुझ्या सासूबाई फोटोच्या वेळी माझ्या शेजारी होत्या आणि तू चार माणसं पलीकडे. कान एवढा लांब पोचत नाही. दुसरं म्हणजे, मी त्यांचा अपमान केला नाही. मी विचारलं, "तुमचे समोरचे दोन दात कोणी केले? रंग चुकलाय. बाकीचे पिवळसर आहेत, हे दोन निळसर पांढरे. मी बदलून देऊ शकते." हे मी प्रेमाने बोलले. मी ज्यांच्याशी लग्नसंबंध जोडते त्यांनाच हे सांगते, बाकीच्यांचे दात बघून मी गप्प बसते. लॅबमध्ये रोजचं बोलणं आहे हे.

त्या दोन आठवडे हसल्या नाहीत, आणि हसल्या तर तोंडावर हात धरतात, हे तू ओरडून सांगितलंस तेव्हा मला कळलं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. दाताचं काम करायचं ते माणसाने हात खाली घ्यावा म्हणून, आणि मी उलटं केलं. मी त्यांना भेटून माफी मागेन. चारचौघांत बोलले याची मागेन. रंग बरोबर होता असं मात्र मी म्हणणार नाही, त्यावर तू कितीही ओरडलीस तरी.

आता तू म्हणालीस ते. "तुझ्या अ‍ॅस्पर्जरचं मला काही सांगू नकोस! एवढं सांगून ठेवलं होतं, कानात विचार म्हणून! तुला काही लाज? तुझ्यामुळे घरात मला तोंड दाखवता येत नाही! तू ना, आई, अशक्य बाई आहेस!" आणि फोन आपटलास.

बाबा धावत आले. "काय झालं? रडवलं का तिने तुला?" मी म्हटलं, नाही हो. तुम्ही मिक्सर लावत होतात ना, लावा.

ते स्वयंपाकघरात गेले. मी फोनपाशीच बसून राहिले, कारण मला माहीत होतं तुझं अजून बोलून संपलेलं नव्हतं. आणि तू पुन्हा फोन केलास, आणि "हॅलो" न म्हणता, होतं तिथून पुढे सुरू केलंस.

आई